फाटक्या आवाजाची थोरवी

व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज फाटला की पूर्वी आपण तो दुरुस्तीला धाडत असू. रॉक संगीताने मात्र त्याच फाटक्या आवाजाला डोक्यावर घेतले!

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते; गृहस्थ स्वतः ड्रम शिकवीत. तरुण गिटारवाले त्यांच्याकडे दणदणीत ध्वनिवर्धक मागू लागले. अमेरिकेचा ‘फेंडर बेसमन’ होता, पण महाग. तेव्हा १९६२ साली केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने त्याच धर्तीवर ‘जेटीएम ४५’ सिद्ध झाला.

ध्वनिवर्धक निवडताना नुसता दणका पाहू नये. गिटारवरची आवाजाची कळ उतरवताच सूर निवळावा, चढवताच खरखरावा. दोन्ही साधणारे यंत्र खरे बहुगुणी. दोष कोणता नि गुण कोणता, हे अखेर कानच ठरवतो.