डोळा लवतो तेव्हा

'सकाळपासून डावा डोळा लवतोय' असे घरातली बाई म्हणाली, की 'बरं झालं, काहीतरी चांगलं घडेल' हे उत्तर ठरलेलेच. बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा डोळा लवणे शुभ, ही समजूत फार जुनी. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेचा डावा डोळा लवतो आणि मग हनुमान भेटतो. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दरबारात आलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि दुष्यंत तिला ओळखतच नाही.

पापणी नुसती फडफडणे वेगळे आणि दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटणे वेगळे. या दुसऱ्या विकाराचे वर्णन फ्रेंच डॉक्टर आंरी मेज यांनी १९१० साली केले. तरीही अनेक वर्षे अशा रुग्णांना मनोरुग्णच समजत. हा दोष मनाचा नसून मेंदूच्या हालचाल-नियंत्रणाचा आहे, असे लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ साली मांडले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांच्या बोट्युलिनम इंजेक्शनला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सौंदर्यासाठी गाजलेले 'बोटॉक्स' ते हेच!

साधे लवणे बहुधा जागरण, ताण आणि चहा-कॉफीच्या अतिरेकाने होते, विश्रांतीने थांबते. पण काही आठवडे थांबलेच नाही, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गालही ओढला जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. शकुन म्हणून हसून सोडून देणे आणि 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणे, दोन्हींत दुखणे आजाऱ्याकडेच राहते.