नामेको (फ्रेमवर्क)

नामेको हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मायक्रोसर्व्हिस प्रकारच्या प्रणाली उभारण्यासाठी वापरले जाणारे मुक्त स्रोत फ्रेमवर्क आहे. एका मोठ्या आज्ञावलीऐवजी लहान व स्वतंत्रपणे चालणाऱ्या सेवा तयार करणे आणि त्यांना संदेशांच्या साहाय्याने एकमेकींशी जोडणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. त्याचा विकास वनफाइनस्टे या लंडनस्थित कंपनीत सुरू झाला. ते अपाची परवाना २.० अंतर्गत उपलब्ध आहे. झुपक्याने उगवणाऱ्या एका जपानी अळंबीवरून त्याला हे नाव देण्यात आले.

रचना

नामेकोमधील सेवा म्हणजे पायथनचा एक साधा क्लास असतो. बाहेरून वापरता याव्यात अशा मेथडवर डेकोरेटर लावून त्यांना प्रवेशबिंदू म्हणून घोषित केले जाते. 'आरपीसी' हा प्रवेशबिंदू दुसऱ्या सेवेकडून आलेली थेट विनंती स्वीकारतो, 'इव्हेंट हँडलर' घडलेल्या घटनेची सूचना घेतो, 'एचटीटीपी' वेब विनंतीला उत्तर देतो, तर 'टायमर' ठरावीक कालांतराने काम सुरू करतो. डेटाबेस जोडणीसारख्या बाह्य गोष्टी सेवेला बाहेरून पुरवल्या जातात. त्यामुळे चाचणी घेताना खऱ्या डेटाबेसच्या जागी बनावट वस्तू ठेवता येते.

प्रत्येक विनंतीसाठी क्लासची एक नवी प्रत निर्माण होते व काम संपताच ती नष्ट होते. या प्रतीला वर्कर म्हणतात. एका विनंतीत वर्करमध्ये ठेवलेली माहिती पुढील विनंतीला उपलब्ध नसते. ती डेटाबेसमध्ये किंवा अन्यत्र साठवावी लागते. एका वेळी चालणाऱ्या वर्करांची कमाल संख्या मुळात १० असते आणि ती बदलता येते.

स्थापना

नामेको 'पिप' या साधनाद्वारे स्थापित करता येते. सेवांमधील संदेशवहनासाठी मात्र रॅबिटएमक्यू हा संदेश-सर्व्हर स्वतंत्रपणे चालू असावा लागतो. तो सहसा ५६७२ या पोर्टवर चालतो व त्याचा पत्ता याम्ल स्वरूपातील सेटिंग फाइलमध्ये दिला जातो. रॅबिटएमक्यूचे 'गेस्ट' हे मूळ खाते केवळ त्याच संगणकावरून वापरता येते. सेवा वेगळ्या संगणकावर असल्यास नवे खाते व पासवर्ड तयार करणे आवश्यक ठरते. यानंतर 'नामेको रन' या आज्ञेने सेवा सुरू होते आणि 'नामेको शेल' या आज्ञेने तिच्या मेथड हाताने बोलावून तपासता येतात.

देखभाल

स्थापना सोपी असली, तरी सेवेच्या अनेक प्रती चालू लागल्यावर काही बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पुनरावृत्ती: विनंतीवर प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतरच नामेको रॅबिटएमक्यूला पोच देते. पोच देण्यापूर्वी सेवा बंद पडल्यास तोच संदेश दुसऱ्या प्रतीकडे जातो. त्यामुळे विनंती हरवत नाही. परंतु तीच विनंती दोनदा पार पडण्याची शक्यता राहते. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा करणाऱ्या सेवेत यामुळे दुहेरी वजावट होऊ शकते. हे टाळण्यासाठी प्रत्येक व्यवहाराला विशिष्ट क्रमांक देऊन तो आधीच पूर्ण झाला आहे का, हे तपासले जाते.

टायमर: टायमर सेवेच्या प्रत्येक प्रतीत स्वतंत्रपणे चालतो. सेवेच्या तीन प्रती असल्यास रोजचा अहवाल तीनदा तयार होतो. याउलट, घटनांची सूचना सर्वसाधारण मांडणीत प्रत्येक सेवेच्या एकाच प्रतीला मिळते.

सुसंगती: सर्व सेवा एकाच क्षणी अद्ययावत होत नाहीत. एखाद्या मेथडला नवा अनिवार्य घटक जोडल्यास तिला जुन्या पद्धतीने बोलावणाऱ्या सेवांना त्रुटी मिळते. म्हणून नव्या घटकाला आधी पर्यायी मूल्य दिले जाते आणि सर्व सेवा बदलल्यावरच तो अनिवार्य केला जातो.

रांगांची लांबी: संदेश येण्याचा वेग प्रक्रियेच्या वेगापेक्षा अधिक झाल्यास रांग वाढत जाते. रॅबिटएमक्यूच्या व्यवस्थापन पृष्ठावर ही लांबी पाहता येते.

मर्यादा

एकाच वेळी अनेक कामे हाताळण्यासाठी नामेको इव्हेंटलेट या लायब्ररीवर अवलंबून आहे. इव्हेंटलेट पायथनच्या प्रमाणित लायब्ररीतील काही भाग चालू अवस्थेत बदलते. सी भाषेत लिहिलेल्या ज्या लायब्रऱ्या स्वतःच नेटवर्कशी व्यवहार करतात, त्यांवर या बदलाचा परिणाम होत नाही. अशी एखादी लायब्ररी थांबून राहिली, तर त्या प्रक्रियेतील सर्व वर्कर खोळंबतात.

इव्हेंटलेटच्या देखभालकर्त्यांनी नव्या प्रकल्पांत तिचा वापर करू नये, असा सल्ला दिला असून पायथनच्या स्वतःच्या 'असिंकआयओ' या सुविधेकडे वळण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे नामेकोवर आधारलेल्या प्रणालीची देखभाल करताना फ्रेमवर्कच्या आवृत्तीबरोबरच इव्हेंटलेट, रॅबिटएमक्यू आणि पायथन यांच्या आवृत्त्याही निश्चित करून ठेवणे आणि त्या बदलण्यापूर्वी चाचणी घेणे गरजेचे असते.