तापणाऱ्या तारेची गोष्ट

कॉइल म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना शेगडी आठवते, आणि माझ्या पुतण्याला व्हेप. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरचा कुणी मित्र म्हणे स्वतःच तार गुंडाळून व्हेपच्या कॉइल बनवतो. "काका, तुम्ही तर दिवसभर हेच करता, सुरक्षित कशी बनवायची ते सांगा की," असं त्याने फोनवर विचारलं. फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. घरच्या बाकी मंडळींनीही वाचायला हरकत नाही. किंबहुना वाचावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी वालीवला हीटर बनवणाऱ्या एका गाळ्यात काम करतो. वसई स्टेशनला उतरून पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे तोंड करून निघालं की भाताची शेतं संपतात आणि गाळे सुरू होतात. सातिवली, गोखिवरे, वालीव, सगळीकडे तेच. मुंबईतल्या जागा महाग झाल्या तशी छोटी कारखानदारी इकडे सरकली. कुणी प्लास्टिकची झाकणं काढतो, कुणी पॅकिंगचं करतो, कुणी पत्रा वाकवतो. या सगळ्यांना कुठे ना कुठे उष्णता लागतेच. प्लास्टिकचे दाणे वितळवणाऱ्या मशीनच्या नळीभोवती बँड हीटर असतो, पाण्याच्या टाकीत ट्यूब्युलर हीटर असतो, साच्यात बोटाएवढा कार्ट्रिज हीटर असतो. यातला कुठलाही हीटर उघडा, आत एक बारीक तार निघणारच. आमचं पोट त्या तारेवर चालतं.

आता इतिहास. तारेतून वीज गेली की ती तापते, हे विजेवर प्रयोग करणाऱ्यांना लवकरच कळलं होतं. किती तापते हे मात्र हिशोबाने सांगता येत नव्हतं. जर्मनीच्या ओहमने १८२७ मध्ये व्होल्ट, करंट आणि रोध यांचं नातं मांडलं. मग मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये दारूभट्टीवाल्याच्या घरात जन्मलेल्या जेम्स जूलने तारेची वेटोळी पाण्यात बुडवून, थर्मामीटर लावून मोजमाप केलं. १८४१ मध्ये त्याने जे छापलं ते शाळेत आपण सगळ्यांनी घोकलं आहे : उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. परीक्षेत दोन मार्कांना येणारं हे वाक्य पुढच्या सगळ्या अपघातांचं मूळ आहे. माणसाच्या अंदाजाला दुप्पट कळतं, चौपट कळत नाही.

जूलनंतर साठ-पासष्ट वर्षं गाडी अडली ती तारेपाशी. लोखंडाची तार लाल केली की तिला हवेतला ऑक्सिजन खातो, पापुद्रे सुटतात आणि ती तुटते. प्लॅटिनम टिकतं, पण प्लॅटिनमची शेगडी कुणाला परवडणार? हा पेच अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या धातुतज्ज्ञाने सोडवला. त्याने निकेल आणि क्रोमियम एकत्र केलं, साधारण ऐंशी-वीसच्या प्रमाणात, आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. हीच आपली निक्रोम. तिची खुबी अशी की पहिल्यांदा तापताना तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची घट्ट साय धरते, आणि ती साय आतल्या धातूला पुढे खाऊ देत नाही. शिवाय थंड असताना आणि लाल झाल्यावर तिच्या रोधात फार फरक पडत नाही, त्यामुळे हिशोब चुकत नाही. तीन वर्षांत, १९०९ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर बाजारात आलासुद्धा. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोने लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची तार काढली. ती निक्रोमपेक्षा स्वस्त आणि जास्त उष्णता सोसणारी. त्याच्या आडनावाचा पुढचा आणि हालस्टाहामार या गावाचा पहिला तुकडा जोडून तिला कांथल नाव पडलं. निक्रोम साधारण १२०० अंशांपर्यंत साथ देते, कांथलच्या वरच्या जाती १४०० पर्यंत. आमच्या रॅकवर दोन्हीची रिळं शेजारी शेजारी असतात.

ही तार आपल्या घरात आली ती शेगडी होऊन. पांढऱ्या चिनी मातीची चकती, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत स्प्रिंगसारखी कॉइल. रॉकेलच्या रांगेपेक्षा बरी म्हणून आंघोळीचं पाणी, चहा, दूध सगळं तिच्यावर. कॉइल तुटली की हार्डवेअरच्या दुकानात नवी मिळायची, पण महिनाअखेरीला नवी कोण आणणार? तुटलेली टोकं एकमेकांत पिळायची आणि पुन्हा खाचेत ओढून बसवायची. ती दोन दिवसांनी परत तुटायची, आणि आई म्हणायची, "हल्लीच्या कॉइलमध्ये काही दम नाही."

दम होता. हिशोब करून बघा. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण ५३ ओहम. तुटका, जळका एक चतुर्थांश भाग काढून टाकला तर उरतात ४० ओहम. रोध कमी झाला म्हणून करंट वाढला, आणि शेगडी १००० च्या जागी १३३० वॅट ओढू लागली, तेही पाऊण लांबीच्या तारेतून. म्हणजे तारेच्या प्रत्येक इंचावर आधीच्या पावणेदोन पट उष्णता. वर पिळलेला सांधा, तो आणखी तापणार. ती कॉइल तुटली नसती तरच नवल. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी किटकॅटमध्ये जाड तार घातलेली असायचीच.

दुसरा धोका उघड्या तारेचा. आमच्या जुन्या चाळीत शेजारच्या काकूंचं दूध उतू गेलं आणि त्यांनी एका हाताने स्टीलचं पातेलं धरून दुसऱ्या हाताने ओला फडका फिरवला. बटण चालू होतं. काकू वाचल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं कितीतरी महिने बधिर होती. त्यानंतर आमच्या मजल्यावर शेगडीचा प्लग काढल्याशिवाय कुणी पातेल्याला हात लावत नसे. मला वाटतं घरगुती सुरक्षिततेचे नियम असेच तयार होतात, कुणाच्या तरी बोटांवरून.

कारखान्यातल्या हीटरने हे दोन्ही धडे अंगात मुरवून घेतले आहेत. आमच्याकडे सगळ्यात जुने वाईंडिंग करणारे मिस्त्री आहेत. नवीन मुलगा आला की ते त्याला आधी तारेला हात लावू देत नाहीत, वहीत लिहायला लावतात. किती व्होल्ट, किती वॅट, म्हणून किती ओहम, म्हणून कुठल्या गेजची किती मीटर तार. २३० व्होल्ट आणि ५०० वॅट असेल तर १०६ ओहम. गुंडाळून झाली की मीटरवर तोच आकडा दिसला पाहिजे. मग कॉइल ओढताना सगळीकडे सारखी ओढायची, कारण जिथे वेटोळी दाटली तिथे ती आधी लाल होते आणि तिथेच तुटते. मग ती नळीच्या मधोमध ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासायची. या पावडरीचा गुण असा की उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. शेवटी मेगर लावायचा, ५०० व्होल्टवर तार आणि नळी यांच्यात गळती आहे का ते बघायला. ही पावडर दमट हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे वसईच्या पावसाळ्यात आमची भट्टी सतत चालू. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं तेव्हा आसपासच्या गाळ्यांतून कितीतरी बुडालेले हीटर आमच्याकडे आले. दिसायला नवेकोरे, मेगरवर शून्य. ते तसेच लावले असते तर नळीला हात लावणाऱ्याची खैर नव्हती. ज्यांची टोकं उघडून वाळवता आली ती वाळवली, बाकीचे भंगारात.

मिस्त्रींचे प्रश्न तीनच असतात. किती ओहम? काही बिघडलं तर मध्ये कोण तोडणार? आणि उष्णता जाणार कुठे?

आता व्हेपकडे येऊ. तीही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत जोसेफ रॉबिन्सनला १९३० मध्ये विजेवर वाफ करणाऱ्या उपकरणाचं पेटंट मिळालं होतं, आणि हर्बर्ट गिल्बर्टला १९६५ मध्ये बिनधुराच्या सिगारेटचं. दोन्ही बाजारात रुजली नाहीत. २००३ मध्ये चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञाने आजची ई-सिगारेट घडवली. त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, आणि तो स्वतः भरपूर ओढायचा. त्याची सुरुवातीची रचना ध्वनिलहरींनी द्रवाचे थेंब उडवण्याची होती, पण बाजारात टिकली ती साधी गरम तारच. मार्शची निक्रोम आणि कांत्सोची कांथल, फक्त तीन मिलिमीटरच्या वेटोळ्यात आणि मध्ये कापसाची वात.

हौशी लोक ही वेटोळी घरी करू लागले तेव्हा त्यांना जे कळत गेलं ते आमच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. आधी ओहम मोजा. वेटोळी सारखी ठेवा. एखादी जागा आधी लाल होत असेल तर थांबा. टोक बाहेरच्या धातूला टेकू देऊ नका. इथपर्यंत सगळं ठीक.

पण दुसऱ्या प्रश्नाशी गाडं अडतं. शेगडीच्या मागे फ्यूज असतो, मीटर असतो, खांबावर महावितरणचा आणखी एक फ्यूज असतो. व्हेपच्या मागे असतो लिथियमचा एक सेल, पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टचा. त्याला अर्ध्या ओहमची कॉइल लावली तर ८.४ अँपिअर, ३५ वॅट. वाफ जास्त हवी म्हणून तार आखूड आणि जाड करत ०.१ ओहमवर आणली की ४२ अँपिअर. चांगल्यातला चांगला १८६५० सेल साधारण २० ते ३० अँपिअर सतत देऊ शकतो, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेला त्याच्या आसपासही जात नाही. ज्या यंत्रात चिप असते ती निदान रोध तपासून नकार देते. ज्या नळीत चिपच नाही, बटण दाबलं की सेल थेट तारेला जोडला जातो, तिथे मध्ये तोडणारं कुणीच नाही. शेगडीची आखूड कॉइल जळून तुटायची आणि प्रकरण संपायचं. इथे तार शाबूत राहते आणि सेल फुटतो, तोही तोंडापासून वीतभर अंतरावर. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात एक माणूस अशाच स्फोटात गेला.

आणि तिसरा प्रश्न, उष्णता जाते कुठे? आमच्या हीटरची जाते पाण्यात, प्लास्टिकमध्ये, हवेत. व्हेपची द्रवात जाते आणि द्रव छातीत. मार्शने पेटंट घेतलं ते हवेत तापणाऱ्या तारेचं. तिच्यावरून आलेली वाफ कुणी श्वासातून घेईल हे त्याच्या मनातही नसेल. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नेहमी व्हेप ओढणाऱ्यांची यंत्रं तपासली, तेव्हा कॉइलवरून गेलेल्या वाफेत निकेल, क्रोमियम आणि शिसं सापडलं. बाटलीतल्या द्रवात ते अगदी कमी होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली होती, त्यातले ६८ दगावले. तिथे मुख्य संशय होता गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. कॉइल कितीही नीट गुंडाळली असती तरी त्याचा उपयोग नव्हता.

आपल्याकडे तर हा प्रश्न कायद्यानेही मिटवला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, साठवणं, सगळ्याला बंदी. बनवणं, आणणं, विकणं किंवा जाहिरात करणं यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उत्पादनाच्या व्याख्येत ई-सिगारेटचा कुठलाही भाग बनवणंही येतं, म्हणजे हॉस्टेलच्या खोलीत गुंडाळलेली कॉइलसुद्धा. बंदी असल्यामुळे आपल्याकडे जे मिळतं ते चोरून आलेलं. त्याचा सेल कुणी तपासला, तार कसली, द्रवात काय, हे विचारायला दुकानदार दुसऱ्या दिवशी जागेवर असेलच असं नाही.

मला तारेचा राग नाही. असणार कसा, घर तिच्यावर चाललंय. पण माणसाला ती माणसाळवायला जूलपासून आजपर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्या वर्षांत शिकलेली प्रत्येक गोष्ट तार माणसाच्या शरीरापासून लांब नेण्याची आहे : मातीच्या चकतीवर, मग नळीच्या आत, मग पावडरीच्या मागे, मग अर्थिंग लावून. व्हेपमध्ये तीच तार उलट ओठांपर्यंत आणली आहे. "सुरक्षित कशी बनवायची" याचं माझं उत्तर एवढंच आहे. मिस्त्रींचा पहिला प्रश्न घरी, मीटर घेऊन सोडवता येईल. दुसरा अर्धामुर्धा सुटेल. तिसऱ्याला उत्तर नाही, आणि ज्या हीटरच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतं तो आमच्या गाळ्यातून बाहेर जात नाही.