दूरचे दफ्तर आणि हातातली लेखणी

'दफ्तर' हा शब्द आपल्या घरात रोज उच्चारला जातो. मुलगा शाळेत नेतो तेही दफ्तर आणि तहसील कचेरीत कागदांचे गठ्ठे असतात तेही दफ्तर. हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत तो अरबीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत 'चामडे' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण एके काळी लोक चामड्यावर लिहीत. कागद, अर्ज, नक्कल, मिसल, खसरा, जमाबंदी ही सारी मंडळी त्याच वाटेने आली आणि मराठी होऊन गेली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले, तरी 'दफ्तर' आणि 'अर्ज' लोकांच्या तोंडून गेले नाहीत. या लेखात आपल्याला त्याच दफ्तराच्या एका नव्या अवताराचा इतिहास पाहायचा आहे. दूर कुठे तरी ठेवलेला कागद आपल्या जागेवर बसून वाचता कसा येऊ लागला आणि तिथल्या तिथे दुरुस्त कसा करता येऊ लागला, हा तो इतिहास होय.

आधी आपल्या भंडारा जिल्ह्याकडे पाहू. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि भंडारा त्यातला एक जिल्हा झाला. गावोगाव मालगुजार होते आणि शेताची नोंद पटवारी ठेवीत असे. १९५१ साली मालगुजारी संपली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला आणि 'सातबारा' हा शब्द घराघरांत पोहोचला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, कचेरी बदलली. शेत मात्र होते तिथेच राहिले. त्या शेतावर आपला हक्क आहे हे सांगणारा कागद आपल्या घरात नव्हता, तो दूरच्या दफ्तरात होता. लाखांदूरच्या किंवा तुमसरच्या शेतकऱ्याला जुना कागद पाहायचा तर अर्ज करा, गाडी पकडा, नक्कल मिळेपर्यंत थांबा, असा तो मार्ग होता. नक्कल हाती आली तरी तिच्यावर आपण काही दुरुस्त केले तर मूळ कागद काही बदलत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण संगणकाच्या जगातही पहिली अडचण हीच होती.

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दूरदूरचे संगणक तारांनी जोडण्यास प्रारंभ झाला. एका संगणकावरील लेख, म्हणजे ज्याला आपण फाइल म्हणतो ती, दुसऱ्या संगणकावर न्यायची कशी? त्यासाठी दोन्ही यंत्रांनी पाळावयाचे नियम लागतात. हे नियम एप्रिल १९७१ मध्ये ज्याने लिहून प्रसिद्ध केले तो तरुण आपल्याच देशाचा होता. त्याचे नाव अभय भूषण. अलाहाबादला जन्मलेला आणि कानपूरच्या आय.आय.टी.तून १९६५ साली पदवी घेतलेला हा विद्यार्थी पुढे एम.आय.टी.त गेला आणि त्याने मांडलेले नियम 'एफ.टी.पी.' या नावाने साऱ्या जगाने अनेक दशके वापरले.

परंतु एफ.टी.पी.ची रीत नक्कल आणण्याचीच होती. आधी फाइल आणावी, आपल्या यंत्रावर दुरुस्त करावी आणि मग परत पाठवावी. तिसरी पायरी विसरली तर सारी मेहनत आपल्या घरातच राही आणि मूळ फाइल जशीच्या तशी! दुसरा मार्ग असा की, दूरच्या यंत्रात तारेवरून प्रवेश करावा आणि तिथलाच संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्या-खोडण्याचा कार्यक्रम, चालवावा. यात मूळ प्रतीवरच काम होई, पण प्रत्येक अक्षराला लांबचा प्रवास करावा लागे. १९७६ च्या सुमारास बिल जॉय याने 'व्ही-आय' हा प्रसिद्ध संपादक लिहिला तेव्हा त्याच्याकडे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे नेणारी तार होती. पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे धरली तर १,९२० अक्षरे होतात. म्हणजे एक पान पुरते दिसायला मिनिटाहून अधिक वेळ! म्हणूनच व्ही-आयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत. अडचणीतून काटकसर शिकावी ती अशी.

या दोन मार्गांचा मेळ घालण्याचे श्रेय 'ईमॅक्स' या संपादकाभोवती जमलेल्या लोकांकडे जाते. सुमारे १९७४ साली स्टॅन कुगेल याने 'डायर्ड' नावाची युक्ती केली होती. तिच्यात फाइलींची यादी हाच एक मजकूर म्हणून समोर येतो आणि त्या यादीवरच खुणा करून फाइल काढून टाकता येते. रेकॉर्ड रूमचे नोंदवहीचे पान उघडावे आणि त्या पानावरूनच दफ्तर हलवावे, तशी ही सोय. ही सोय ईमॅक्समध्ये आली. पुढे १९८९ साली अँडी नॉर्मन याने 'आंज-एफ.टी.पी.' हा जोडकार्यक्रम लिहिला. आता फाइलीच्या नावातच दूरच्या यंत्राचे नाव लिहायचे. संपादक स्वतःच प्रत आणतो, समोर ठेवतो आणि 'जतन करा' म्हटले की स्वतःच मूळ जागी पोहोचवतो. तिसरी पायरी विसरण्याचा प्रश्नच मिटला.

एक दोष मात्र उरला. एफ.टी.पी.त गुप्त शब्द तारेवरून उघडाच जाई, जणू पोस्टकार्डावर लिहिलेला. वाटेत कोणीही तो वाचावा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात अशीच चोरी झाल्यानंतर १९९५ साली तातू युलोनेन याने 'एस.एस.एच.' ही बंद लिफाफ्याची पद्धत तयार केली. तिच्या आधारावर ईमॅक्समध्ये 'ट्रॅम्प' आला, 'व्हिम' या संपादकात 'नेटआरडब्ल्यू' आले आणि २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या 'व्हीएस कोड'मध्येही अशी सोय झाली. तुमसरच्या घरात बसलेला विद्यार्थी आज साध्या संगणकावरून पुण्यातील किंवा परदेशातील यंत्रावरची फाइल उघडून काम करू शकतो. हे संपादक फुकट मिळतात.

आता पुन्हा आपल्या शेताकडे येऊ. महाराष्ट्रात सातबाराही संगणकावर गेला. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करून संगणकातील नोंदी हस्तलिखिताशी पडताळण्याची मोहीम झाली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठी, ज्याला आपल्याकडे वडीलधारी माणसे अजून पटवारीच म्हणतात, तोही आज दूरच्या सर्व्हरवरील दफ्तरात फेरफार लिहितो. परंतु येथे एक मोठा फरक आहे आणि तोच या लेखाचा गाभा आहे. संपादकात 'जतन करा' म्हटले की जुने मिटते आणि नवे होते. फेरफाराचे तसे नाही. कायद्याप्रमाणे तलाठी नोंद लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. मधले पंधरा दिवस आपले असतात.

वाचकहो, ते पंधरा दिवस वाया घालवू नका. वडील वारले, वाटणी झाली, बहिणीचा हिस्सा लागला, तर नोंद झाली की नाही हे पाहा. मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी असे कायदा सांगतो. बहिणीचे नाव राहून गेले असेल तर ते यंत्राने गाळले असे म्हणून चालणार नाही. पाहणारे डोळे घरात होते. नाव लिहिताना अक्षर चुकले असेल तर कलम १५५ खाली लेखनातील चूक दुरुस्त होते, पण त्यासाठी ती चूक कोणी तरी वाचलेली असावी लागते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जेव्हा दूरच्या फाइलीवर काम कराल तेव्हा महसूल खात्याची ही जुनी शिस्त विसरू नका. बदलण्यापूर्वी जुनी प्रत राखा. आपण उघडल्यानंतर ती फाइल दुसऱ्याने बदलली असल्याचा इशारा संपादक देतो, तो वाचल्याशिवाय 'होय' म्हणू नका. गुप्त शब्द कोणाला देऊ नका, मित्रालाही नाही. घरातील आजी-आजोबांचा सातबारा एकदा उघडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. दफ्तर कितीही दूर असो, त्यातील नावे आपल्या माणसांची आहेत आणि ती नीट वाचता यावीत हा शिक्षणाचा पहिला उपयोग आहे.