तगर कोठे होते?

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि सनावळ्या म्हणजे घोकंपट्टी, ही समजूत आपल्या प्राथमिक शाळांत इतकी रुजली आहे की, एखाद्या मुलाने "हे कशावरून?" असे विचारल्यास तो उद्धटपणा ठरतो. वस्तुतः इतिहासाचा आरंभच या प्रश्नापासून होतो. तो आठ-दहा वर्षांच्या मुलास पेलणार नाही असे म्हणणाऱ्यांस आम्ही धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव दाखवू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे सागरवर्णन लिहून ठेविले. त्यात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाई. पुढे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत राहिले. नगराचा ठिकाणा मात्र लोक विसरले. विल्फर्डने देवगिरीचे नाव घेतले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचे, तर डॉ. भांडारकरांनी धारूरचे. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखविले, व कझिन्स यांनी गावातील अवशेष पाहून त्यास पुष्टी दिली.

हाच वाद चौथीच्या वर्गापुढे मांडावा. साहित्य काय, तर एक नकाशा आणि सुतळीचा तुकडा. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे, देवगिरी उत्तरेस. ही दोन नावे मुले क्षणात बाद करतील. मग सुतळी लावावी. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. बैलगाडी एका दिवसात एवढेच चालते, हे शेतकऱ्याच्या मुलास त्याचे आजोबा सांगतील. त्यासाठी पुस्तक नको! या हिशेबाने दहा दिवसांचे पावणेदोनशे किलोमीटर होतात. धारूर शंभराच्या थोडे पुढे भरते, तेर दीडशेच्या आसपास. मात्र तेर नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण शिक्षकाने झाकू नये. ती एखाद्या मुलीने होऊन काढली, तर त्या दिवसाचा पाठ सफल झाला असे आम्ही समजू. 'तगर' शब्दातील 'ग' झिजून 'तेर' कसे झाले असेल, हे दुसऱ्या दिवशी पाहता येईल.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते हे त्यांनी पारखले, ही कथा तेथील प्रत्येक पोरास ठाऊक असते. पुराव्यालाही असेच थापटणे मारून पाहायचे असते, एवढे सांगितले की पुरे.

पुढील पाठ वस्तुसंग्रहालयात घ्यावा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात सापडली, हे कळल्यावर मुले जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे गुरुजींजवळ असतीलच असे नाही. नसली तर नसोत. एक गोष्ट मात्र कडकपणे सांगावी: पांढरीच्या टेकाडावर मणी वा खापर दिसल्यास ते खिशात घालू नये, उकरून तर मुळीच काढू नये. वस्तू जागेवरून हलली की निम्मी साक्ष बुडते. कागदावर तिचे चित्र काढावे, जागा लिहावी, मोठ्यांस कळवावे.

शेवटी त्रिविक्रमाच्या देवळाकडे जावे. आत विष्णूची मूर्ती आहे. पण विटांच्या या इमारतीची मागची बाजू घोड्याच्या नालेसारखी गोल आहे. हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात. ते आधी सांगू नये. मुलांनी भिंतीच्या कडेने पावले मोजीत फिरावे, पाटीवर आकार काढावा, आणि गावातील दुसऱ्या देवळाचा आकार त्याशेजारी काढून दोन्हींकडे पाहत बसावे.