नदीचा जुना पत्ता

मागच्या शुक्रवारी डिप्लॉयमेंट लांबलं. रात्री कँटीनमध्ये चहा घेताना टीममधला एक मित्र सहज म्हणाला, "मी दहा वर्षांचा असताना आम्ही अकरा दिवस गच्चीवर काढले होते." तो बिहारमधल्या मधेपुऱ्याचा. साल २००८, नदी कोसी. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) त्याच्या वडिलांनी आयुष्यात गावात पूर पाहिलाच नव्हता. नदी कुठेतरी लांब पश्चिमेला होती.

म्हटलं, नदी लांब होती तर पाणी आलं कुठून? शनिवार-रविवार मग तेच वाचण्यात गेला.

आपण सह्याद्रीची माणसं. आपल्या नद्या बेसाल्टच्या कातळात कोरलेल्या. मुठा काय, कृष्णा काय, पूर आला तरी ओसरल्यावर आपल्या पात्रात परत. त्यामुळे नदी म्हणजे नकाशावरची कायमची निळी रेघ, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

कोसीचं तसं नाही. अरुण, सुनकोसी आणि तमूर या तीन नद्या मिळून ती होते आणि नेपाळमध्ये चतराजवळ डोंगर सोडून मैदानात उतरते. डोंगरात उतार तीव्र, म्हणून पाणी प्रचंड गाळ वाहून आणतं. मैदानात उतार संपला की वेग पडतो आणि गाळ खाली बसतो. तळ वर्षानुवर्षं उंचावत जातो. शेवटी नदीचं पात्रच आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होतं, आणि एखाद्या पावसाळ्यात ती काठ फोडून सखल बाजूला नवी वाट धरते. मग तिथे गाळ साठणार, पुन्हा तेच. असं हजारो वर्षं चालून पंख्याच्या आकाराचं अवाढव्य मैदान तयार झालंय. मित्राचं गाव, शेत, शाळा, सगळं त्या पंख्यावर. म्हणजे ती जमीन नदीनेच आणून टाकलेली!

अठराव्या शतकात कोसी पूर्णियाजवळून वाहायची. पुढच्या दोनेकशे वर्षांत ती शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेला सरकली. १९५४ साली भारत-नेपाळ करार झाला, बॅरेज बांधलं, दोन्ही बाजूंना मातीचे लांबच लांब तटबंध घातले. नदी जागेवर थांबली. प्रश्न सुटला?

इथे माझ्यातला इंजिनिअर जरा खजील झाला. पाणी थांबवलं, पण गाळ थोडाच थांबतो? तो आता दोन तटबंधांच्या मध्येच साठू लागला. तळ उंचावत राहिला. शिवाय शेकडो गावं त्या दोन बांधांच्या आत अडकली, ती वेगळीच. आपणही कामात असे पॅच मारतो ना, लक्षण दाबतो आणि लॉग भरत राहतो. फरक एवढाच की आपल्याकडे रोलबॅक असतो.

१८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथे पूर्वेचा तटबंध फुटला. बॅरेजची क्षमता साडेनऊ लाख क्युसेक, आणि त्या दिवशी नदीत होते जेमतेम दीड लाख! म्हणजे पूर विक्रमी नव्हता, बांध कमकुवत झाला होता. नदी सुटली ती थेट पूर्वेकडच्या जुन्या वाटांनी. सुपौल, मधेपुरा, अररिया... तीस लाखांवर लोकांना फटका बसला, शेकडो गेले. पुढच्या वर्षी भगदाड बुजवून नदी पुन्हा बांधांमध्ये आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी सुटलं, १९६८ नंतरचं सर्वाधिक, आणि दरभंग्याकडे पश्चिमेचा तटबंध फुटला.

सोमवारी मित्राला विचारलं, "शेताचं काय झालं रे?"

"वाळू बसली. काकांनी दोन वर्षं उपसली, मग दिल्लीला गेले कामाला."

"आणि वडील?"

"तिथेच आहेत. गच्ची उंच करून घेतली फक्त."

असो. चहा गार झाला होता. यापुढे मात्र नकाशावरची निळी रेघ दिसली की आधी विचारावंसं वाटेल, बाई, तुझा जुना पत्ता काय?