पावसाळ्यात गाडी चालू होत नाही? मिस्त्रीकडे नेण्याआधी पेट्रोल तपासा

अमरावती/अकोला : पेरणीची घाई अन् वावरात जायच्या वेळी गाडी किक घेत नाही, असा अनुभव पावसाळ्यात गावोगावी येतो. रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचं असेल तर अडचण आणखी वाढते. बरेचदा बिघाड इंजिनात नसून पेट्रोलच्या वाटेत असतो. तो घरीच कसा ओळखायचा, ते क्रमाने पाहू.

आधी हे पाहा
लाल स्विच चालू आहे का? टाकीत पेट्रोल किती आहे? गाडी हलवून आवाज ऐका किंवा टॉर्चने पाहा. काडी पेटवून टाकीत कधीही पाहू नका. जुन्या गाडीत कॉक 'रिझर्व्ह'वर घ्या.

कार्बोरेटरवाली गाडी
इंजिन थंड असताना कॉक बंद करा अन् कार्बोरेटरकडची नळी काढून पारदर्शक बाटलीत धरा. मग कॉक उघडा.
• पेट्रोल येतच नाही : कॉकच्या जाळीत किंवा नळीत कचरा आहे.
• आधी येते, मग बंद होते : टाकीचं झाकण उघडून पाहा. धार पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीने बुजलं आहे.
• धार चांगली आहे : कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू ढिला करा अन् त्यातलं पेट्रोल बाटलीत घ्या.

प्लगही सांगतो : किक मारूनही प्लग कोरडा, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल जास्त झालं आहे किंवा ठिणगी पडत नाही.

बीएस-६ गाडी
१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. यातल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असते. चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक आवाज येतो. आवाज नसेल तर बॅटरी अन् फ्यूज तपासा. यात पेट्रोल दाबाने वाहते, म्हणून नळी स्वतः काढू नका.

पाणी कसं ओळखायचं?
बाटली पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, तर पाणी गेलं आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी शोषून घेतं, त्यामुळे थर लगेच दिसत नाही. पाणी वाढलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं, अन् इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तळातूनच घेतलं जातं. अशा वेळी वरून नवीन पेट्रोल टाकून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. हे काम मोकळ्या जागेत करा, जवळ बिडी-सिगारेट नको.

पंपावरचा हक्क
पेट्रोलबद्दल शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी अन् पाच लिटरच्या मापाने मोजणी मागता येते. पावती जपून ठेवा.

काळजी
गाडी छपरात लावा, झाकणाचं रबर फाटलं तर बदला. टाकी बरेच दिवस रिकामी ठेवू नका, आत दमट हवेचं पाणी धरतं. एवढं पाहूनही गाडी चालू झाली नाही, तर मिस्त्रीला काय काय तपासलं ते सांगा. वेळही वाचेल अन् नको त्या सामानाचा खर्चही.